कच्च्या शिवणीचा आळ

मित्रांनो, मी भिंगारच्या बाजारपेठेतली एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची, काळी, सोनेरी वेलबुट्टीची. वेलबुट्टी आता पुसली गेली, पण नाक अजून वरच आहे.

नबीलालचाचांनी मला दुकानात आणलं तेव्हा मी नवीकोरी होते. छावणीतल्या जवानांच्या वर्द्या मी चाळीस वर्षं शिवल्या. एकाही वर्दीची शिवण कधी उसवून परत आली नाही. चाचा गेल्यावर मुबारकबी चाची मला चालवू लागल्या. मग त्यांच्या मुलाने विजेवरची मशीन आणली आणि माझ्यावर कपड्यांची गाठोडी रचली गेली. दोन वर्षं तेलाचा थेंब मिळाला नाही. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर टीव्ही मालिकेचं शूटिंग आलं. गोष्ट मंगळावरची, माळ आमचा. एका सकाळी कपडेपट सांभाळणाऱ्या वृषालीताई अंतराळवीराचा चंदेरी पोशाख आणि तो घालणाऱ्या दीपाला घेऊन दुकानात आल्या. पोशाखाची चेन लागत नव्हती.

"मुंबईत माप चुकलं असणार. दुपारी शेवटचा शॉट आहे, चाची. ही यानातून उडी मारून मंगळावर उतरते," एवढं सांगून ताई फोनवर बोलत बाहेर गेल्या.

चाचींनी दीपाच्या कमरेला टेप लावला आणि त्यांचा हात थांबला.

"कितवा चालूय, बेटी?"

दीपाचे डोळे भरले. "पाचवा. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर दुसरीला घेतील. शेवगाव सोडल्यावर सात वर्षांनी हे काम मिळालंय, चाची."

"आन् उडी?"

"सहा फुटांवरून आहे. मारेन."

चाचींनी पोशाख शिवायला घेतला. त्या जाड कापडावर विजेच्या मशीनने दोन सुया मोडल्या, तेव्हा कुठे माझ्यावरची गाठोडी खाली आली. तेल मिळालं. दोन्ही कुशींना कापडाच्या पट्ट्या घालून मी अशी दुहेरी टीप मारली की हत्तीने ओढली तरी उसवू नये. चेन अलगद लागली.

ताई आत आल्या तशा चाची म्हणाल्या, "पोशाख झाला. पर मशीन लई जुनी हाय, शिवण कच्ची पडलीय. उडी मारली तर उसवंल. शिडीवरनं हळू उतरू द्या हिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कच्ची? माझी शिवण? ताईंनी माझ्याकडे पाहून उसासा टाकला आणि दिग्दर्शकांना फोन लावला. दुसरा पोशाख नव्हता, म्हणून उडी रद्द झाली.

दीपा पाया पडायला वाकली, तर चाचींनी तिला मधेच धरलं. "वाकू नगं. काम झालं की ताईंना खरं सांग."

तो भाग लागला तेव्हा चाचींनी दुकानात मोबाईलवर पाहिला. शेजारी म्हणाले, उडी असती तर मजा आली असती. चाची नुसत्या हसल्या आणि त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला. माझा राग तिथेच विरघळला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून तेल घालत जा. अडल्यावरच तिची आठवण काढू नका. आणि आमच्या पेठेत आलात, तर माझी शिवण कच्ची आहे असं कुणी सांगेलही. सांगू द्या. त्या दिवशी मंगळावर सगळ्यांना दीपा एकटीच उतरताना दिसली. मी दोघांना सुखरूप उतरवलं.