सव्वीस नंबरचा बिल्ला

प्रशिक्षण केंद्राच्या टूल-स्टोअरमध्ये खिडकीशेजारी एक मोठा लाकडी फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगात काढलेली होती आणि प्रत्येक आकृतीच्या वर एक खिळा होता. हत्यार जागेवर टांगलेलं असलं की आकृती झाकली जाई. कुणी शिकाऊ फिटर ते घेऊन गेला की आकृती उघडी पडे आणि खिळ्यावर त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला येऊन बसे. बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचं. हत्यार द्यायचं, बिल्ला न्यायचा. दुपारी चारची घंटा झाली की स्टोअरकीपर माफू सगळी हत्यारं परत घेत, फळ्यावरून एकदा नजर फिरवत, आणि एकही बिल्ला उरला नाही अशी खात्री पटल्यावरच कुलूप घालत. एकतीस वर्षं हा क्रम चालला होता.

शेवटच्या नऊ वर्षांत मात्र त्याला एक अपवाद होता. सगळ्यांत खालच्या ओळीत, काटकोन तपासायच्या आठ नंबरच्या गुण्याच्या खिळ्यावर, सव्वीस नंबरचा बिल्ला लटकलेलाच असे. रोज संध्याकाळी माफू वहीत लिहीत, 'गुण्या क्रमांक आठ, बाहेर. बिल्ला सव्वीस.' त्या गुण्याची आकृती इतकी वर्षं उघडी राहून उन्हानं करडी पडली होती.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. शुक्रवारी माफू निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांच्या जागी आलेला मेलुसी बुधवारी यादी घेऊन फळ्यापुढं उभा होता.

"मखुलू," तो म्हणाला. सगळं केंद्र माफूंना मखुलू, म्हणजे आजोबाच म्हणे. "हा एक बिल्ला काय भिंतीला वेल्डिंग करून ठेवलाय?"

"तो राहू दे."

"राहू दे म्हणजे? मला ताबा घ्यायचाय. एक तर गुण्या दाखवा, नाहीतर 'हरवला' असं लिहून सही करा. पंधरा सेंटिमीटरचा गुण्या तो! त्याच्यासाठी कोण तुम्हाला फासावर चढवणार आहे?"

"शुक्रवारी सांगतो."

"शुक्रवारी तर तुमचा केक कापायचाय."

माफू हसले नाहीत. मेलुसी चांगला मुलगा होता, कामाला चोख होता, पण त्याला ठाऊक नव्हतं की शुक्रवारी मान्याथी येणार होत्या.

सव्वीस नंबरचा बिल्ला मान्याथींच्या मुलीचा होता. तिचं नाव सेहलुले ग्वेबू. फिटरच्या त्या तुकडीत मुली दोनच होत्या, आणि पहिल्या महिन्यात पोरांनी त्यांना पुरेपूर छळलं. पहिल्या सत्रात काम एकच असे. लोखंडाचा ठोकळा शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, आवळायचा आणि कानशीनं त्याच्या सहाही बाजू एकमेकींना काटकोनात आणायच्या. मग गुण्या लावून ठोकळा खिडकीकडे धरायचा. पात्याखाली उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. पोरं तिसऱ्या दिवशी कंटाळत आणि रेघ अंगठ्यानं झाकून निदेशकांना ठोकळा दाखवत. सेहलुले तळव्यांना फोड येऊनही कंटाळली नाही. एकदा ती खिडकीशी येऊन म्हणाली होती, "मखुलू, तुमचा सहा नंबरचा गुण्याच खोटा आहे." माफूंनी तो तपासला. तो खरोखरच केसभर वाकलेला होता. त्याआधीची चार वर्षं केंद्रातली सगळी पोरं त्याच गुण्यानं ठोकळे तपासून पास होत आली होती.

तिची परीक्षा तीनदा पुढं गेली. परीक्षक राजधानीहून यायचे, आणि दर वेळी निरोप यायचा, पुढच्या महिन्यात. तिसऱ्या निरोपानंतरच्या शुक्रवारी, चारची घंटा झाल्यावर, तिनं गुण्या परत केला नाही. ती खिडकीशी उभी राहिली.

"दोन दिवस घरी नेऊ? हात बसलाय तो मोडेल, मखुलू. सोमवारी सकाळी पहिली मीच येते."

हत्यार फाटकाबाहेर न्यायचं नाही, हा नियम माफूंनी स्वतःच्या हातानं पाटीवर रंगवला होता. त्यांनी तिच्या फोड आलेल्या हातांकडे पाहिलं आणि मानेनं होकार दिला.

सोमवारी ती आली नाही. शनिवारीच काही बायकांबरोबर सरहद्दीवरची लिम्पोपो नदी ओलांडून ती पलीकडे, दक्षिण आफ्रिकेत गेली होती. जोबर्गजवळच्या एका कारखान्यात फिटर हवेत असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. हातात प्रमाणपत्र नव्हतं. केंद्राचा शिक्का असलेला गुण्या तेवढा होता.

त्या डिसेंबरात मान्याथी पहिल्यांदा आल्या. पलीकडे गेलेली माणसं डिसेंबरात सामानानं लादलेल्या बसमधून घरी येतात, आणि ज्यांची माणसं येत नाहीत ते घरचे तेवढ्या दिवसांत कुठं ना कुठं विचारत फिरतात. त्या खाली मान घालून म्हणाल्या होत्या, "पोरीनं तुमचं हत्यार नेलं. गल्लीत सगळे चोर म्हणतात तिला."

त्यांना बरं वाटावं म्हणून माफूंनी फळा दाखवला होता. प्रत्येक नव्या तुकडीला ते जे सांगत, तेच त्यांनाही सांगितलं होतं. "चोर बिल्ला ठेवून जात नाही, मान्याथी. हा बघा तिचा. ज्याचा बिल्ला माझ्या फळ्यावर, त्याला परत यावंच लागतं."

गुण्या तिच्या पिशवीत गेला कसा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पहिली दीड-दोन वर्षं मुलीचे फोन येत, मग ते थांबले. मान्याथी मात्र दर डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी येत राहिल्या. बरोबर माहेवूची, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पेयाची, बाटली आणि भाजलेल्या शेंगांची पुडी असे. खिडकीतून वाकून विचारत, "लटकतोय ना?"

"लटकतोय."

"तुमचं स्टोअर माझ्या लेकीला काही सोडत नाही बाई!" असं म्हणून त्या हसत, शेंगा फोडत आणि निघून जात. दर वर्षी माफू मनाशी ठरवत, की या खेपेला सगळं सांगून टाकायचं, आणि दर वर्षी शेंगांची टरफलं गोळा करून ती टोपलीत टाकत.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास एक माणूस खिडकीशी आला. चाळिशीचा, बारीक, डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली. त्यानं नाव सांगितलं खुलेकानी. मग पिशवीतून जुन्या पायमोज्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्यानं खिडकीच्या फळीवर ठेवली.

माफूंनी मोजा उलगडला. गुण्या. पात्याला तेल लावलेलं होतं. बुंध्यावर केंद्राचा शिक्का आणि आठचा आकडा.

"ग्रेसनं दिला होता," खुलेकानी म्हणाला. "म्हणाली होती, हा परत द्यायचाय."

"कोण ग्रेस?"

"आमच्याबरोबर शेडमध्ये काम करायची. इकडचीच. नाव काही खरं नव्हतं तिचं. कागद दुसऱ्या बाईचे होते, म्हणून आम्ही पण ग्रेसच म्हणायचो. पलीकडे सगळ्यांचं तसंच असतं, मखुलू. मी स्वतः पाच वर्षं पीटर होतो." तो किंचित हसला. "फार वाकड्यात शिरायची. जेवायला बसलो तरी हा गुण्या काढायची आणि म्हणायची, टेबलाचा पाय तिरका आहे. पण आम्हा चौघांना कानस धरायला तिनंच शिकवलं. उजेड दिसला की पुन्हा, उजेड दिसला की पुन्हा. डोकं उठवायची."

"कुठं आहे ती?"

खुलेकानीनं मोज्याची घडी घातली. "छातीत पाणी झालं होतं. जुलैतल्या थंडीत. दवाखान्यात न्यायला आम्ही उशीर केला, कागदांच्या भीतीनं. सात वर्षं झाली. पुरलं आम्हीच. पाटीवर ग्रेसच लिहिलंय, दुसरं काय लिहिणार? मलाही कागदांशिवाय परत येता येत नव्हतं. आता आलो. तिची आई आहे का कुणी?"

"आहे. उद्या येईल. तूच सांग तिला."

"नाही मखुलू." तो दोन पावलं मागं सरला. "माझ्याच्यानं नाही होणार. मी वस्तू दिली. तुम्ही सांगा." फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे आपल्या भावाचा फोन नंबर लिहून ठेवून तो निघून गेला.

दिवसभर गुण्या माफूंच्या खणात होता. विचार करायची त्यांची रीत ठरलेली होती. कागदाच्या मधोमध रेघ मारून त्यांनी दोन बाजू मांडल्या. गुण्या खणात ठेवायचा, 'हरवला' अशी सही करायची आणि बिल्ला खिळ्यावरच राहू द्यायला मेलुसीला सांगायचं. मान्याथी पुढच्या डिसेंबरात येतील, खिडकीत वाकून विचारतील, आणि मेलुसी म्हणेल, लटकतोय. त्या मरेपर्यंत ते चालू शकलं असतं. दुसऱ्या बाजूला त्यांनी एकच ओळ लिहिली, 'हत्यार परत आलं आहे.' अंगठ्यानं उजेडाची रेघ झाकणारी पोरं त्यांना आठवली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी गुण्या पुसला आणि आठ नंबरच्या खिळ्यावर टांगला. करडी आकृती झाकली गेली. बिल्ला काढून त्यांनी खिशात ठेवला. त्यांनी असाही विचार केला, की मान्याथींना आधी फळा दिसेल, थोडी कल्पना येईल, मग सांगणं सोपं जाईल. एकतीस वर्षांत हिशेबाला चुकला नाही असा माणूस इथं चुकला.

मान्याथी तीनच्या सुमारास आल्या. डोक्याला नवा निळा रुमाल होता. "आज तुमचा शेवटचा दिवस म्हणे! म्हणून शेंगा जास्त आणल्यात," असं म्हणत त्या खिडकीत वाकल्या, आणि पुडी त्यांच्या हातातच राहिली.

फळ्यावर बिल्ला नव्हता. गुण्या होता.

"आली?" त्या म्हणाल्या.

माफू खुर्चीतून उठून खिडकीशी आले.

"आली ना? अहो, गप्प काय बसलात? बिल्ला घेऊन गेली ना ती?" त्यांचा चेहरा असा उजळला, की माफूंनी खिडकीची चौकट घट्ट धरली. "कुठंय? आत लपवलीत का? सेहलुले! ए मुली! आईला घाबरवतेस होय? बाहेर ये, नाहीतर आत येऊन कान उपटीन!" त्या टाचा उंचावून मांडण्यांच्या मागं पाहू लागल्या, हसत, हाका मारत. मेलुसी मागच्या खोलीतून बाहेर आला आणि दारातच थांबला.

फळ्याचा नियम मान्याथींना माफूंनीच शिकवला होता. हत्यार जागेवर म्हणजे माणूस परत.

ते दार उघडून बाहेर आले. त्यांनी मान्याथींना पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मग सांगितलं, क्रमानं, खुलेकानीनं सांगितलं तसं. शेड, चार पोरं, टेबलाचा पाय, जुलै. ग्रेस हे नाव. काही गाळलं नाही. मान्याथींच्या हातातली पुडी उघडली होती आणि शेंगा एकेक करून पायरीवर घरंगळत होत्या.

"आणि तो गुण्या मीच दिला होता," माफू म्हणाले. "नियम मोडून. मी दिला नसता तर कदाचित ती गेलीच नसती."

"ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं." मान्याथी म्हणाल्या. "तुमच्या फाटकावर पहारेकरी पिशव्या उलट्या करून बघतो. तुम्ही दिल्याशिवाय तो बाहेर येईल कसा? मी वाट बघत होते तुम्ही कधी बोलताय याची." त्यांनी पायरीवरची एक शेंग उचलली. "ती गेलीच असती, बाबा. गुण्या नसता तरी गेली असती. माझ्या पोटची होती ती."

मेलुसीनं पाण्याचा पेला आणून ठेवला. तो तसाच राहिला.

"परत केला ना तिनं?" मान्याथींनी विचारलं.

"केला."

"गंज?"

"गंज नाही. तेल लावून ठेवला होता."

मान्याथींनी मान हलवली. मग कपाळ गुडघ्यांवर टेकवून त्या रडल्या, आवाज न करता, फक्त पाठ हलत होती. माफूंना त्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तो हक्क आपला नाही असं वाटून त्यांनी हात मागं घेतला.

पावणेचारला त्यांनी वही आणली. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या पानावर गुण्या दिल्याची तारीख त्यांच्या अक्षरात होती. पुढचे रकाने कोरे होते. 'परत' या रकान्यात त्यांनी आजची तारीख घातली. त्यापुढं परत करणाऱ्याच्या नावाचा रकाना होता.

"खुलेकानीचं नाव घालू?" मेलुसीनं हळूच विचारलं.

"नाही," मान्याथी म्हणाल्या. "पेन द्या इकडं."

त्यांनी वही मांडीवर घेतली आणि एकेक अक्षर जोर देऊन लिहिलं. सेहलुले ग्वेबू. खालच्या पानावर त्याचा ठसा उमटला. माफूंनी खिशातून बिल्ला काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो रुमालाच्या टोकात गाठ मारून बांधला, पण उठल्या नाहीत.

चारची घंटा झाली. शेडमधून पोरं आली, हात काळे, पाठी घामानं भिजलेल्या, एकमेकांना ढकलत खिडकीपुढं रांगेत उभी राहिली. पायरीवर बसलेल्या बाईकडे पाहून त्यांचा गलका थांबला.

"मखुलू, कानस. अकरा नंबर."

"अकरा." माफूंनी कानस टांगली आणि बिल्ला दिला.

"गुण्या, तीन नंबर. बिल्ला एकोणीस."

"एकोणीस."

मान्याथी बाजूला सरकून उभ्या राहिल्या. हत्यार देऊन बिल्ला घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे त्या पाहत होत्या. रांग संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.