विहिणीचे रोडगे

रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांत भाजलेल्या त्या गव्हाच्या गोळ्यांचं, आणि माझं कितीतरी वर्षं भांडण होतं, पण त्याचं कारण वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सांगितलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही म्हणून दुखणं खोटं नसतं, म्हणाल्या. आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. गहू, कांदा, लसूण, तुरीची डाळ यांतलं जे आपल्याला पचत नाही त्यावर ते ताव मारतात. मग वायू धरतो, आणि माझं हळवं आतडं तेवढ्यानंच कळवळतं. काही दिवस हे सगळं बंद, नंतर एकेक खाऊन पाहायचं. ज्वारीची भाकर, भात आणि दोडक्याच्या भाजीवर मला जरा बरं वाटू लागलं, तेवढ्यात माझ्या लेकीचं, निकिताचं साक्षगंध ठरलं. कामरगावला, मुलाच्या घरी.

"कोणाले सांगू नको," नवरा म्हणाला. "मायचा रोग पोरीतबी असन म्हणतीन. सोयरीक मोडन."

पंगतीत रोडगे, वांग्याची भाजी, वरण. झालं! मी नुसता भात मागितला, तर विहीण तुळसाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काहून वो विहीणबाई, आमच्या घरचं गोड नाही लागत का?"

नवऱ्यानं डोळे वटारले. मी रोडगे खाल्ले, वर हसलेही. तुळसाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी डबाभर सोबत बांधून दिले.

परतताना मालेगावच्या अलीकडे जीप थांबवावी लागली. वावरात आडोशाला जाऊन आले. पोटापेक्षा या लपवालपवीनंच मी जास्त थकले होते. निकितानं पाण्याची बाटली दिली आणि हळूच म्हणाली, "माय, माह्यंबी असंच दुखते. मीबी तिथं कोणाले सांगू नको ना?"

भाजीत मीठ किती टाकू, असं विचारावं इतक्या सहज तिनं विचारलं. मला रडूच आलं.

"फोन लावा तुळसाबाईले," मी नवऱ्याला म्हटलं.

"येडी झाली काय? सोयरीक मोडन!"

"मोडू द्या. पोरगी जलमभर असं हसत रोडगे खाईन, ते मले पाहवत नाही."

त्यानं लावला नाही. मीच लावला. मांडीवरचा डबा अजून कोमट होता, पोटात पुन्हा कळ येत होती.

"पोचले काय वो विहीणबाई?" तुळसाबाईंचा आवाज आला.

"नाही पोचलो," मी म्हटलं. "एक सांगाचं राह्यलं होतं."