घड्याळजींची खाट

थोरल्या सुनेला आधी वाटलं, डास असतील. लेकीच्या दंडावर ओळीनं लाल गांधी उठल्या होत्या. मग स्वतःच्या मानेवर उठल्या, मग नवऱ्याच्या पोटरीवर. चादर बदलताना गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले, कुणी पेनाचं टोक टेकवून उचलावं तसे. तिनं शिवण फाकवली. आत एक चपटा, तपकिरी जीव अंग चोरून बसला होता. नखाखाली चिरडल्यावर जो वास आला, तो एकदा घेतलेला माणूस जन्मात विसरत नाही.

स्वयंपाकघराचं दार लोटून तिनं नवऱ्याला सांगितलं, "ढेकूण झालेत."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठलाही बिघाड झाला की तो सुरू कुठून झाला ते आधी शोधायचं, ही त्याची सवय.

"बाबा यायच्या आधी होते का आपल्याकडे? नव्हते. त्या लोखंडी खाटेतूनच आले. रविवारी खाट भंगारात."

बाबा, म्हणजे त्याचे वडील, उभा जन्म घड्याळं दुरुस्त करत आलेले. जुन्या गल्लीत त्यांना सगळे घड्याळजीच म्हणत. काही महिन्यांपूर्वी ते धाकट्या मुलाकडून इथे राहायला आले होते, एक खाट, एक गादी आणि अवजारांची पेटी घेऊन. मुलं मोठी झाली, जागा पुरत नाही, असं धाकटा म्हणाला होता.

"म्हाताऱ्या माणसाची खाट त्याला न विचारता काढायची?" सून म्हणाली.

"मग तू विचार."

झालं! मांजराच्या गळ्यात बांधायची घंटा तिच्याच हातात आली.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुसऱ्या दिवशी दुकानातली वीज गेली म्हणून मालकानं दुपारीच शटर ओढलं, आणि ती अवेळी घरी आली. तिच्या खोलीचं दार उघडं होतं. आत तिच्याच पलंगाशी बाबा गुडघ्यांवर बसले होते. एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात बारीक चिमटा, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. तिची चाहूल लागताच ते इतके दचकले की भिंग डोळ्यातून निसटून ओंजळीत पडलं.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही. पलंगाचा स्क्रू जरा ढिला वाटला."

खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. वाटीत सात-आठ ढेकूण तरंगत होते.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुम्ही सगळे बाहेर पडलात की बसतो. आधी माझी खाट बघतो, मग सोफा. तुमच्या खोलीत आजच आलो. न विचारता आलो, चुकलंच माझं."

एवढ्या उकाड्यातही त्यांचा शर्ट पूर्ण बाह्यांचा होता. तिनं खाली बसून त्यांची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत बोट ठेवायला जागा नव्हती.

"अहो, सांगायचं नाही का?"

"धाकट्याकडे सांगितलं होतं ना. पहिला ढेकूण मलाच दिसला, मीच दाखवला. तर खाट माझी, म्हणून ढेकूणही माझेच ठरले. नंतर त्यांना जागा कमी पडायला लागली." ते भिंग शर्टाला पुसत राहिले. "इथेही सांगितलं असतं. पण पुढे तिसरा मुलगा नाही मला."

तिनं पर्स बाजूला ठेवली, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी फरशीवर मांडी घातली.

"दिवसभर लोकांना चष्मे विकते, आणि माझ्याच घरातलं मला दिसलं नाही. द्या तो चिमटा. त्या फटीत एक दिसतोय."

"चिमटा नको, हात थरथरेल तुझा. तू टॉर्च धर."

लेक शाळेतून येईपर्यंत दोघं त्या पलंगाभोवती सरकत होती.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचा पारा चढला.

"म्हणजे धाकट्याला माहीत होतं! माहीत असून खाट पाठवली, बापाला पाठवलं, आणि तोंडातून चकार शब्द नाही? आत्ता लावतो फोन."

"लाव. पण आधी बाबांना सांग, खाट कुठे जाणार नाही म्हणून. काल तू ओट्यापाशी जे बोललास, ते भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार."

तो वडिलांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. बराच वेळ चौकटीवर बोटं वाजवली.

"बाबा, तुमचा छोटा पाना कुठे आहे? खाट सुटी करून सांधे साफ करायला लागतील. मग परत जोडू."

बाबांनी पेटी उघडून पाना पुढे केला.

पुढचे दिवस घराचं रणांगण झालं. कपडे उकळून निघाले, गाद्या बाहेर गेल्या, पलंगाचं हाड न हाड सुटं झालं. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गादी उतरताना पाहिली आणि विचारलं, "नवीन घेताय वाटतं?" सून "हो, जुनी झाली होती" म्हणणार होती. पण थकव्यानं असेल, खरं तेच तोंडातून निघालं, "ढेकूण झालेत."

बाई एक पायरी खाली उतरून कानाशी म्हणाल्या, "औषधवाल्याचा नंबर मिळेल का?"

फवारणीच्या दिवशी घर बंद ठेवायचं होतं. सगळे निघाले तर बाबा आपलं सगळं सामान बॅगेत भरून, बूट घालून तयार.

"बाबा, संध्याकाळी परत यायचंय आपल्याला," सून म्हणाली.

"हो का?" म्हणत त्यांनी बॅग पलंगाच्या सुट्या फळ्यांवर ठेवली.

दुसरी फवारणी झाली आणि घरात कुणाचं खाजवणं ऐकू येईनासं झालं. भावाला फोन लावायचा राहूनच गेला होता आणि नवऱ्याच्या डोक्यातला राग एव्हाना निवला होता, तेवढ्यात धाकट्याचाच फोन आला. नवरा जेवत होता, त्यानं उष्ट्या हातानं स्पीकर लावला.

"दादा, तुझ्याकडे ढेकूण झालेत का रे? आमचे काही केल्या जात नाहीत. बाबा गेल्यावर वाटलं होतं, की आता…"

तो मध्येच थांबला. नवऱ्यासमोर बाबाही जेवत होते, हे धाकट्याला दिसत नव्हतं.

"ढेकूण राहिले, मी गेलो," बाबा म्हणाले. टोमणा नव्हता. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं.

पलीकडून घाईघाईनं "नंतर करतो" असं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

सुनेला वाटलं होतं, आता तरी त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. खाट इकडे आली तरी ढेकूण तिकडे राहिलेच, म्हणजे खाटेवर फोडलेलं खापर खोटं ठरलं. पण बाबांनी ताट तसंच सारलं. हात धुताना त्यांची वाकलेली पाठ पाहून तिच्या लक्षात आलं: इतके दिवस त्यांच्याकडे निदान एक कारण होतं. खाट वाईट, म्हणून मुलानं पाठवलं. आता तेही हातातून गेलं होतं.

सकाळी बाबांनी स्वतःच धाकट्याला फोन लावला. औषधवाल्याचा नंबर दोनदा सावकाश सांगितला, लिहून घ्यायला लावला. पलीकडून बहुधा चार दिवस येण्याचा आग्रह झाला असावा.

"आत्ता नको. आधी फवारून घे," ते म्हणाले. "आणि हे बघ, बायकोवर ओरडू नकोस. कुणी आणले ते शोधत बसलास, तर ते तेवढ्यात आणखी अंडी घालतील."

फोन ठेवून ते गॅलरीत गेले आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले. सुनेनं तिथे जायचं टाळलं.

त्या आठवड्यात खाट परत उभी राहिली. सुनेनं तीन दुकानं पालथी घालून, घासाघीस करून बाबांसाठी नवी गादी आणली. त्यावर दोन रात्री काढून बाबा चहाला आले आणि कप हातात घेत म्हणाले,

"ही गादी फार मऊ आहे. पाठ धरते. बदलून आण."

"बदलून?" तिचा आवाज चढला. "अहो, पावतीसुद्धा फेकली मी!"

"मग शोध. कचरेवाला अजून यायचाय."

नवरा वर्तमानपत्राआड तोंड लपवून हसत होता. तिनं त्याच्याकडे डोळे वटारले, काहीबाही पुटपुटत उठली आणि कचऱ्याचा डबा पालथा केला.