नीन्येरा

मावशींच्या पाळणाघरात ती आली तेव्हा धड बोलायलाही शिकली नव्हती, आणि जे बोलायची ते स्पॅनिश. बाप पुलाच्या कामावरचा इंजिनीयर, परदेशातून आलेला. आई नोकरीपायी तिकडेच अडकलेली. पोरीचे कुरळे केस कंगव्याला दाद देईनात, म्हणून मावशींनी तिला ‘झिपरी’ म्हणायला सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी तिने “चुपेते, चुपेते” करत घर डोक्यावर घेतलं. मावशींनी बाहुली दिली, चेंडू दिला, बिस्किट दिलं. सगळं भिरकावलं गेलं. संध्याकाळी बाप आला, त्याने कपाळावर हात मारला आणि स्वतःच्याच खिशातून चोखणी काढली.

“हे चुपेते,” तो ओशाळून म्हणाला.

“अहो, मग सकाळीच नाही का द्यायचं! आता बसा. बाकीचे शब्द सांगा आणि मगच जा.”

तो मोडकंतोडकं बोलायचा, पण कळायचं. लंगोटाला पान्याल, पाळण्याला कूना, दुधाच्या बाटलीला बिबेरोन. मावशी लंगोट बदलता बदलता घोकायच्या.

मावशींचे यजमान, नाना, बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. पोरांच्या गलक्यापासून चार हात लांबच असायचे. एका दुपारी पाळण्यातून हाक आली, “नाना! नाना!”

नाना चष्मा सावरत धावले. “ऐकलंस? माझं नाव घेते!”

पोरगी मात्र त्यांच्याकडे ढुंकून बघेना. डोळे चोळत तेच म्हणत राहिली. संध्याकाळी उलगडा झाला. तिच्या भाषेत नाना म्हणजे अंगाई. मावशींची हसता हसता पुरेवाट झाली. “जन्मभर बेसूर गायलात, आणि नाव बघा!”

पण दुसऱ्या दिवसापासून नाना पाळण्याशी बसून खरंच गाऊ लागले, आणि त्या भसाड्या आवाजावर झिपरी गाढ झोपू लागली. दोघांना स्वतःचं मूल झालं नव्हतं. त्याबद्दल बोलणं केव्हाच बंद झालं होतं.

पूल पुरा झाला. निरोप घेताना बाप म्हणाला, “मावशी, तुम्ही नीन्येरा.”

“म्हणजे?”

“मुलं सांभाळते ती बाई. आणि…” तो शब्द शोधत थांबला. “जिला मुलांचं फार वेड असतं, ती पण. शब्द एकच.”

मावशी पिशवीत झिपरीचे धुतलेले मोजे कोंबत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “एकच कसा असेल हो? नुसतं सांभाळणारीला संध्याकाळी सुट्टी होते.”

बऱ्याच महिन्यांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. झिपरी आईच्या मागे दडली आणि हळूच काहीतरी पुटपुटली. बाप गडबडून भाषांतर जुळवू लागला.

“राहू द्या, कळलं मला,” मावशी म्हणाल्या. “ही कोण, असं विचारते. लहान आहे, विसरणारच.”

फोन ठेवल्यावर त्या नळ सोडून भांडी घासत बसल्या. घासलेलीच भांडी होती.

पुढे फोन विरळ होत गेले. मावशींचं शब्द शिकणं मात्र थांबलं नाही. मोबाइलवर ऐकून ऐकून त्या दप्तर शिकल्या, पडलेला दात शिकल्या, शाळेची घंटा शिकल्या.

“आता कुणाशी बोलणार आहेस हे?” नानांनी एकदा विचारलं. “इथल्या एकाही पोराला यातलं काही कळत नाही.”

“ती आता सायकल शिकत असेल,” मावशी म्हणाल्या. “पडली, तर काय म्हणून रडत असेल, एवढं तरी कळायला नको?”

नाना खुर्ची ओढून जवळ बसले.

“सायकलीला काय म्हणतात?”