लाखेत उरलेले नाणे

नाणे टपालात हरवेल या भीतीपोटी माझा जन्म झाला, मित्रांनो. मी एक जुना, तांबड्या लाखेचा ठसा आहे.

अठराव्या शतकात साउथहॅम्प्टनजवळच्या एका पाद्रीबाबांना शेतात रोमन काळातले तांब्याचे नाणे सापडले. बर्मिंगहॅमच्या त्यांच्या मित्राला जुन्या नाण्यांचा नाद होता. पाद्रीबाबांनी पत्राच्या तळाशी वितळलेली लाख ओतली, तिच्यात नाणे दाबले आणि अलगद उचलले. खाली उरलो तो मी. नाण्यावरचा राजा कोण, यावर ते दोघे मित्र वर्षभर पत्रांतून सभ्यपणे भांडले. रोज कोणीतरी मला भिंगाखाली धरत असे. ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे नाणे पाद्रीबाबांच्या घरातच हरवले. त्याचा चेहरा फक्त माझ्याकडे राहिला आणि मी पत्राच्या घडीत पडून राहिलो.

गेल्या वर्षी बर्मिंगहॅममधल्या एका छोट्या संग्रहालयात आमचे पत्र स्कॅनिंगला आले. तिथे निवृत्त डॉक्टर प्रमोदिनीकाकू आणि इंग्लंडातच जन्मलेली अक्षया मिळून काम करत होत्या.

“काकू, हा लाख स्कॅनरला अडतोय. पेज फ्लॅट होत नाही.”

“हा लाख? ती लाख! बाबांना सांग, मराठीचा क्लास परत लावा.”

“ओके, ती लाख. काढून टाकू? जुना सीलच आहे ना? काही वाचता पण नाही येत.”

“काढ. कागद तेवढा सांभाळ.”

पातळ सुरी माझ्या कडेखाली शिरली. एक टवका उडाला.

“वन सेकंद, आधी आईला फोटो पाठवते.”

अक्षयाने मला गालाशी धरले आणि सेल्फीसाठी फोन उचलला. त्याच्या पडद्यावर आरशासारखे सारे उलटे दिसते. नाणे दाबून उमटलेला मी मुळातच उलटा, म्हणून तिथे सुलटा झालो.

“काकू! इथे नाव आहे. सी, ए, आर... कॅरॉसियस! तो ब्रिटनचा रोमन राजा!”

काकूंनी चष्मा चढवला. “अगं बाई! सील वर उठून येतं, हे तर आत गेलंय. नाणं दाबलंय इथे. ठेव आधी ती सुरी!”

आता माझ्यासाठी मऊ स्पंजात बेताचा खळगा कापला आहे. मी मजेत आहे. टवक्याबरोबर राजाच्या मुकुटाचे एक टोक मात्र गेले. त्या नाण्याचे तेवढे टोक आता कुठेच पाहायला मिळणार नाही. म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू वाचता आली नाही, तर सुरी लावण्याआधी तिला एकदा नीट पाहा.