आभाळाची राखण

माझं काम म्हणजे आभाळाकडे बघत बसणं. ऐकणाऱ्याला वाटतं, मालकाने एका रिकामटेकड्याची बरी सोय लावून दिली. वाटू दे. खाली वाळवंटात हौशी माणसं दोर बांधून अरुंद घळीत उतरतात, आणि त्या घळीत पाणी जातं ते माझ्या या पठारावरून. इथे मोठी सर आली की खाली डोक्यावर निळं आभाळ असतानाही लोंढा येतो आणि माणसं घेऊन जातो. पहिला कडा उतरून दोर ओढून घेतला की परत वर चढता येत नाही. घळीत वायरलेसही पोचत नाही. म्हणून सकाळी, दोर बांधायच्या आधी, मी पठारावरच्या पत्र्याच्या खोलीतून सांगतो: चालू, नाहीतर बंद.

खाली ऐकणारी माझी मुलगी. मालकाकडे पैसे भरून आलेल्या या पाहुण्यांना घळीतून नेतेही तीच.

चालू म्हटलं की ती "ठीक आहे, बाबा" म्हणते आणि वायरलेसचा खटका बंद करते. मग दिवसभर मी आणि पत्रा. मी स्वतःशी बोलतो, पण ती संगत काही खास नाही. सगळे विनोद आधीच ऐकलेले असतात.

बंद म्हटलं की पाहुणे माघारी जातात, तिला सुट्टी मिळते, आणि ती जीप घेऊन वर येते. चहा करते, माझ्या बनियनच्या भोकांवरून चार शब्द सुनावते, ऊन उतरलं की जाते. तिची आई गेल्यापासून समोर बसून माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही. म्हणजे बघा, वादळ आलं तर मुलगी येते. अशा बापाला आभाळ राखायला बसवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

या मोसमात मी दोनदा बंद म्हणालो. दोन्ही वेळा ढग खरेच होते, आणि दोन्ही वेळा दुपारपर्यंत कुठल्या कुठे विरून गेले. दुसऱ्या वेळी मुलीने दारात उभं राहून ते लख्ख आभाळ पाहिलं, आणि कप विसळून ठेवले. मालक मात्र वायरलेसवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हाताऱ्याला लेकीची आठवण आली की पाऊस येतो." सगळे हसले. मीही हसलो. बोचलं ते मागाहून.

परवा सकाळी पलीकडच्या कड्यामागे एक ढग दिसला. फार मोठा नव्हता, पण बुडाशी काळसर होता आणि वर वर चढत होता. वारा सारखा दिशा बदलत होता. मला वाटलं, बंद म्हणावं. मग मनात आलं, हे वाटतंय कुणाला? राखणदाराला की बापाला? गेले कित्येक दिवस मी तिची वाट बघत होतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, मला ते आभाळात दिसायला लागलं असेल तर? आत गेलो, तोंडावर पाणी मारलं, परत बाहेर आलो. ढग तोच आणि शंकाही तीच. बंद म्हणून चुकलो तर माझं हसं होणार होतं. चालू म्हणून चुकलो तर माझी मुलगी जाणार होती, आणि तिच्या भरवशावर उतरलेली परकी माणसंही.

वायरलेस खरखरला. "बाबा, पाहुणे तयार आहेत. काय करू?"

"बंद."

 ती आवाज खाली आणून म्हणाली, "इथे औषधालाही ढग नाही. मालक शेजारीच उभे आहेत. नक्की सांगा, बाबा. ढगच आहे ना, की..."

पुढचं ती बोलली नाही. बापाला लाज वाटू नये म्हणून अर्ध्यावर थांबली. मला फार वाईट वाटलं.

मागून मालकाचा आवाज आला. "किती वेळा ऐकायचं त्याचं? उतरा तुम्ही."

मी बटण दाबलं. "बंद. आणि तू आज वर येऊ नकोस."

"का?"

"नकोस म्हटलं ना. आलीस तरी दार उघडणार नाही."

 मग ती मालकाशी बोलताना ऐकू आली. "दोर गुंडाळायला सांगा. आज कुणीही उतरणार नाही."

दुपारी ढगाने कडा ओलांडला. पत्र्यावर गारांचा असा मारा झाला की मला माझाच आवाज ऐकू येईना. पठारावरचं पाणी लाल होऊन घळीच्या तोंडाकडे धावलं, वाटेतले धोंडे लोटत गेलं. मी दारात भिजत उभा होतो. आनंद झाला, आणि तो सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

पाऊस थांबल्यावर तिचा आवाज आला. "बाबा, घळ काठोकाठ भरून गेली. आम्ही आत असतो तर..."

"नव्हतात ना? मग झालं. मालक काय म्हणतोय?"

"काही नाही. तोंडाला कुलूप." ती थांबली. "खरं सांगू? माझाही विश्वास बसत नव्हता. तुम्ही येऊ नकोस म्हणालात, तेव्हा बसला. म्हटलं, आता हे खरंच ढगाचं बोलतायत."

 ती अगदी मनापासून बोलली होती, आणि त्यामुळेच माझ्या सगळं लक्षात आलं.

"यापुढे बंदच्या दिवशी येत जाऊ नकोस," मी म्हणालो. "म्हणजे माझ्या शब्दावर कुणाला शंका यायला नको."

"मग यायचं कधी, बाबा?"

उरलेले सगळे दिवस ती घळीत असते. मी बटणावर बोट ठेवून उभा राहिलो.