शेवटचा दोर पडेपर्यंत

इंग्रिडने दोराच्या मधोमध लाल फडकं बांधलं, गाठ दातांनी आवळली आणि तोंडात गेलेला चिखल बाजूला थुंकला.

"अगं, माझ्या खिशात पक्कड होती," कॉल्टन म्हणाला.

"मग आधी बोलायचंस ना, शहाण्या."

"तू ऐकतेस कुणाचं?"

ते मात्र खरं होतं. आठवडाभर इंग्रिड हॅल्व्हरसनने कुणाचंही ऐकलं नव्हतं. विद्यापीठात मुलं आणि मुली आपापल्या मंडळांच्या वेगवेगळ्या घरांत राहत; ही सगळी घरं दर वसंतात एक आठवडा खेळांत एकमेकांना भिडायची, आणि यंदा तो आठवडा हिच्या हाती होता. मोठ्या रस्त्यावर चाकं लावलेल्या पलंगांची शर्यत झाली, तेव्हा एका घराचा पलंग थेट न्हाव्याच्या दुकानात शिरला. हिने त्यांचे गुण कापले ते कापलेच. धान्याच्या डब्यांचे मनोरे रचताना कुणीतरी डब्यांना गोंद लावला, तोही हिने नखाने खरवडून पकडला. पोरं तिला मागून "हवालदारीण" म्हणत. तोंडावर म्हणायची छाती फक्त कॉल्टनची. तो दगडी घरातला, आणि या कामात तिचा उजवा हात.

दोघांच्याही अंगात साधे राखाडी शर्ट होते. छातीवर घराच्या नावाची अक्षरं नाहीत, कॉलरला घराची पिन नाही. जो आठवडा चालवतो त्याने आठवडाभर आपलं घर विसरायचं, ही इथली रीत. स्वतःच्या घरात जेवायचं नाही, झोपायचं नाही, घरच्यांसाठी टाळी वाजवायची नाही. पूर्वी ही रीत नावापुरतीच होती. गेल्या वर्षी आयोजकांतल्याच एकाने आपल्या घराच्या बाजूने शिट्टी मारली आणि त्यावरून दोन घरं अशी भांडली की महिनाभर एका बाकावर बसेनात. तेव्हा भर बैठकीत उभं राहून इंग्रिड म्हणाली होती, "शेवटचा दोर जमिनीवर पडेपर्यंत आयोजकाला घर नाही. म्हणजे नाही." सगळ्यांनी हात वर केले, आणि शरद ऋतूत सगळ्यांनी मिळून तिलाच आयोजक करून टाकलं. घे म्हणावं आता.

तेव्हा कुणाला माहीत होतं की हा तिच्या घराचा शेवटचा वसंत असणार आहे?

तिचं पिवळं घर लहानच होतं. कोपऱ्यावरचं, पुढे लाकडी ओसरी असलेलं. यंदा त्यात इंग्रिडसकट दहाजणी उरल्या होत्या. नाताळानंतर घर चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्य कचेरीतून फोन आला: मुली फार कमी झाल्या, वसंतात घर बंद. मुली रडल्या, भांडल्या, माजी मुलींना फोन केले, दारोदार केक विकले. काही उपयोग झाला नाही. आज संध्याकाळी सहाची घंटा झाली की ओसरीवर निरोपाचा विधी होता. कचेरीतल्या मिसेस पेटिग्रू त्यासाठीच आल्या होत्या आणि तिथून थेट विमानतळावर जाणार होत्या.

"काय गं मोठे, दोर बांधतेस की दोराशी भांडतेस?"

रस्सीखेचीसाठी मधोमध खणलेल्या, पाण्याने भरलेल्या चराच्या काठावर ऑपल उभी होती. पिवळ्या घरात नवी मुलगी आली की जुन्यांपैकी एकजण तिला धाकटी म्हणून पदराखाली घेते. दोन वर्षांपूर्वी घाबरून जिन्यात रडत बसलेल्या ऑपलला इंग्रिडने असंच उचललं होतं. तेव्हापासून ही तिला 'मोठे' म्हणते आणि ती हिला 'धाकटे'. ऑपलच्या कॉलरला आज दोन पिना होत्या. एक तिची, एक इंग्रिडची. मोठीची पिन धाकटीने सांभाळायची असते.

"माझ्याशी बोलू नकोस," इंग्रिड दोराकडे बघत म्हणाली. "पांढऱ्या घराच्या मुली बघतायत."

"बघू देत की. मी काय तुला लाच देतेय?"

"धाकटे, जा ना गं."

"जाते. एवढंच सांग, आज संध्याकाळी तू येणारेस ना?"

इंग्रिडने गाठ पुन्हा ओढली. गाठीला काही झालेलं नव्हतं.

सकाळी पाऊस झाला आणि सगळंच मागे पडलं. नाहीतर रस्सीखेच दुपारीच आटोपली असती. आता साडेपाच होत आले होते आणि मुलींचा शेवटचा दोर अजून बाकी होता. पांढरं घर विरुद्ध, कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं, पिवळं घर. आणि इथला दोर काही मिनिटांच्या हिशेबाने चालत नाही. लाल फडकं चर ओलांडून एका बाजूला गेलं की निकाल. सहाच्या घंटेपर्यंत निकाल नाही लागला, तर दोर आहे त्या जागी दोन्हीकडच्या खांबांना बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे ओढायचा.

"दोर बांधला गेला तर आठवडा संपणार नाही," इंग्रिड म्हणाली. "आठवडा संपला नाही तर मला घर नाही. मग मी ओसरीवर कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"आम्ही तर जाणार. आणि तूच नाही?"

"तुमची गोष्ट वेगळी. उद्या तुम्ही येऊन पुढे ओढा. पांढऱ्या घराला मी आधीच विचारलंय. त्या म्हणाल्या, घर बंद झालं असलं तरी ओढू देत."

"म्हणजे तू हे सगळं ठरवूनच ठेवलंयस."

"मी नसले तरी चालेल गं. दगडावर नाव येऊ दे."

चराच्या टोकाला तो दगड होता, कमरेइतका उंच. दोर जिंकणाऱ्या घराचं नाव दर वर्षी त्याच्यावर रंगवतात. पिवळ्या घराचं नाव त्यावर एकदाही आलेलं नव्हतं. उद्यापासून घर नसणार, पाटी नसणार, ओसरीवर दुसरं कुणीतरी खुर्च्या टाकणार. दगड मात्र इथेच राहणार होता.

ऑपलने दगडाकडे पाहिलं, मग मोठीकडे, आणि आपल्या मुलींकडे निघून गेली.

इंग्रिडने शिट्टी फुंकली.

दोर उचलला गेला, ताणला, आणि चराच्या दोन्ही काठांवर आठ-आठ मुली पाठीवर झोपल्यासारख्या मागे रेलल्या. टाचा चिखलात, डोळे आभाळाकडे. अशा वेळी ओढणारीला समोरचं काही दिसत नाही. ती फक्त हाक देणारीचं ऐकते. दोन वर्षं पिवळ्या घराची हाक इंग्रिडची होती. आज ऑपल रांगेच्या बाजूने वाकून चालत होती.

"धरा... धरा... आता! आणि धरा..."

चुकतेय, इंग्रिडच्या मनात आलं, फार भरभर म्हणतेय. तिने ओठ घट्ट मिटले. मग ऑपलचा आवाज आपोआप खाली आला, संथ झाला, आणि इंग्रिडला त्यात स्वतःचाच आवाज ऐकू आला. कार्टीने सगळं उचललं होतं, मधला तो दम खाणं सुद्धा.

फडकं पिवळ्या बाजूला सरकलं. वीतभर. मग थांबलं.

पांढऱ्या घराच्या मुलीही काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी टाचा रोवल्या आणि दोर असा थबकला की त्यातून पाणी निथळायला लागलं. लोकांनी ओरडून घेतलं, घसे बसले, मग नुसतेच बघत राहिले. सगळ्यात मागे रुथान होती. शेतावर वाढलेली, वासरं उचलणारी पोर. तिचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. तरीही ती मधेच ओरडली, "अगं पांढऱ्यांनो, घरी जेवायला थांबलेत तुमच्या, सोडा की!"

"तूच सोड, गवळणी!" पलीकडून उत्तर आलं, आणि हसण्याच्या नादात दोन्हीकडचा दोर थरथरला.

मग परत पिवळ्या बाजूला बोटभर. आणि अजून बोटभर. घड्याळाच्या मनोऱ्यावरचा मोठा काटा वर चढत होता.

"इंग्रिड," कॉल्टन तिच्या कानाशी आला, "दे ती शिट्टी. मी बघतो. तू जा."

"जाऊन काय करू? पिन नाही तिचं विधीत नाव घेत नाहीत."

"पिन लाव की. कुणाला कळणारे?"

"मला." तिचा आवाज चिरकला. "गेल्या वर्षी त्या भांडणानंतर बाकावर एकटी बसून रडणारी मुलगी आठवते ना तुला? मी तिला शब्द दिला होता, परत असं होणार नाही. आता माझ्यावर आलं म्हणून पळू?"

"तू म्हणजे ना, अवघड बाई आहेस."

"माहितीये."

कॉल्टनने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिने मान वळवली नाही. वळवली असती तर डोळे दिसले असते. फडकं पिवळ्या काठापासून हातभरावर आलं होतं. आज नाही, तर उद्या नक्की. जिंकणार होत्या पोरी. तिने स्वतःला तेच बजावलं. जिंकणार आहेत, बास, अजून काय हवंय तुला?

हाक थांबली होती.

इंग्रिडने पाहिलं. ऑपल मान वर करून मनोऱ्याकडे बघत होती. मग ती रांगेतल्या पहिल्या मुलीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. शेवटचा हिसका ठरवतायत, इंग्रिडला वाटलं. तीही हेच करायची. बरोबर आहे, कर.

ऑपल रुथानपाशी पोचली. रुथानने जोरात मान हलवली. नाही. ऑपल अजून वाकली, कॉलर पुढे धरून तिला काहीतरी दाखवलं आणि परत बोलली. रुथानने डोळे मिटले. तिच्या गालावरून चिखल ओघळला, घाम असेल नाहीतर आणखी काही. मग तिने होकार दिला.

ऑपल उभी राहिली. हात वर केला.

"पिवळ्यांनो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "सोडा."

दोर सळसळत चरापलीकडे गेला. पांढऱ्या घराच्या आठही मुली एकीवर एक पाठीवर कोसळल्या, आणि बराच वेळ त्यांना कळेचना की आपण जिंकलोय. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, जिंकत होत्या की या!"

दोर जमिनीवर पडला होता.

कॉल्टनने तिला कोपराने ढोसलं. इंग्रिडने शिट्टी तोंडाला लावली, पहिल्यांदा नुसतीच हवा गेली, दुसऱ्यांदा वाजली.

"पांढरं घर," ती म्हणाली. तिला परत म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा कुणाला ऐकू आलं नाही.

ऑपल चरातून सरळ चालत आली, मांडीपर्यंत पाण्यात. पलीकडे, इंग्रिड होती त्या काठावर, चढता येईना तेव्हा पांढऱ्या घराच्या हाक देणारीने तिला हात दिला. ती इंग्रिडसमोर येऊन उभी राहिली.

"आठवडा संपला ना?"

"काय केलंत गं हे? मूर्ख आहात सगळ्या. दगड..."

"मोठे, मी काय विचारलं? संपला का?"

"संपला."

"मग हनुवटी वर कर."

चिखलाने माखलेल्या बोटांनी पिन लागेना. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा इंग्रिडच्या गळ्याला टोचली. "ओरडू नकोस," ऑपल म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. तेवढ्यात मागून रुथान ओरडली, "रडारड तिकडे ओसरीवर करा, ती बाई निघून जाईल!" आणि सगळ्या पळत सुटल्या. हिरवळीवरून, वाचनालयापुढून, मोठा रस्ता ओलांडून, दहाजणी, पायात बूट कुणाच्या एक तर कुणाच्या तेही नाही. मागे सहाची घंटा वाजायला लागली.

मिसेस पेटिग्रू ओसरीवर हातात हातमोजे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्या दहा चिखलाच्या बाहुल्या पाहिल्या, पायरीवर उमटणारे पाय पाहिले, आणि हातमोजे पर्समध्ये ठेवून दिले.

"मीही ओढलाय दोर," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी. जिंकलात का?"

रुथानने हात पाठीमागे घेतले.

"नाही, बाई," ऑपल म्हणाली. "थोडक्यात गेला."

"असू दे. या, गोल करा."

सगळ्यांनी गोल केला आणि हात धरले. विधी लहानच असतो. नाव घेतलं की 'घरी आहे' म्हणायचं, एवढंच. घर सुरू झालं त्या दिवशीही असंच म्हटलं होतं म्हणे. मिसेस पेटिग्रू एकेक नाव घेत होत्या, आणि गोलातून एकेक आवाज येत होता, कुणाचा घोगरा, कुणाचा नाकातला.

इंग्रिडच्या उजव्या हातात रुथानचा हात होता. तो ओला लागला म्हणून तिने तो वळवून पाहिला. तळव्याची सालटी निघाली होती. दोर त्यातून सरकत गेल्याची लाल रेघ बोटांपर्यंत होती.

"तू सोडला नव्हतास?" इंग्रिड कुजबुजली.

"सोडला गं," रुथान समोर बघत म्हणाली. "पण हात ऐकेनात."

इंग्रिडने पकड सैल केली.

"इंग्रिड हॅल्व्हरसन," मिसेस पेटिग्रूंनी नाव घेतलं.

"नीट धर," रुथान म्हणाली, आणि तिचा हात परत आपल्या हातात ओढला.

"घरी आहे," इंग्रिड म्हणाली.